शिफ्रामावशीचं कापलेलं भाषण

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात नवीन आलेला माणूस शिफ्रा वाक्रुळकर हे नाव ऐकून एकदा तरी थबकायचाच. आडनाव पेणजवळच्या गावाचं, बोलणं अस्सल भायखळ्याचं, आणि नाव हे असं. मग एखादा जुना सभासद समजावायचा, "बेने इस्रायल आहेत त्या. कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणायचे त्यांना." नवीन माणूस "अच्छा, अच्छा" म्हणायचा आणि शिफ्राने केलेल्या ओल्या नारळाच्या करंज्या खाता खाता ते विसरूनही जायचा. शिफ्राला तेच आवडायचं. सत्त्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात आपण कोण हे तिला इतक्या ठिकाणी सिद्ध करावं लागलं होतं, की जिथे कुणी विचारत नाही ती जागा तिला घरासारखी वाटे.

त्या घरात तिला आणलं होतं वसुधाने. गोष्ट जुनी, एकोणऐंशी सालची. शिफ्रा तेव्हा शिकागोच्या एका हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत एक कोवळी मुलगी कळांनी तडफडत "आई गं, मेले गं" म्हणून ओरडत होती. नवरा हेमचंद्र स्वतः डॉक्टर, पण दुसऱ्या हॉस्पिटलात ड्युटीवर अडकलेला. शिफ्रा तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "मरत नाहीस काही. हात धर माझा. आणि ओरड हवं तेवढं, इथे मराठी कळणारी मी एकटीच आहे." त्या मुलीने डोळे उघडून असं बघितलं, जणू भिंतच बोलली असावी. पहाटे शंतनू जन्मला. पहिल्यांदा त्याला हातात घेतलं ते शिफ्राने.

तेव्हापासून दोघींचं एकमेकींवाचून पान हलेना. शिफ्राला मूलबाळ नव्हतं. शंतनू तिच्या घरी दूधभात खाऊन मोठा झाला. शिफ्राचा नवरा सॅम्युएल वारला तेव्हा ज्यू रीतीप्रमाणे आरसे झाकून ती सात दिवस जमिनीवर बसली, आणि शेजारी वसुधाही बसली, गुडघे दुखत असताना. काहीही घडो, बरं किंवा वाईट, आधी एकमेकींना फोन. नव्या डॉक्टरचा उर्मटपणा असो नाहीतर करपलेली डाळ.

दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात तिकडे इस्रायल-गाझात आग लागली. शिफ्राची थोरली बहीण एस्तेर अजून इस्रायलातल्या लोदमध्येच राहत होती, एकटी. सायरन झाला की काठी टेकत जिन्याखाली जाऊन बसायची. पहिले दिवस शिफ्राने बहिणीच्या काळजीत काढले. मग गाझातली चित्रं येऊ लागली, ढिगाऱ्यातून काढलेली लेकरं, आणि तिने टीव्ही बंद करून त्यावर चादर टाकली. नादियाला फोन केला. नादिया तिच्याच हॉस्पिटलातली, श्वासाच्या मशीनवरची तज्ज्ञ, पॅलेस्टिनी घरातली. पंचवीस वर्षांची ओळख. ईदला नादियाकडून खजुराची बिस्किटं यायची, दिवाळीत शिफ्राकडून करंज्या जायच्या. त्या दिवशी फोनवर दोघी फारसं बोलल्याच नाहीत. "तुझी बहीण?" नादियाने विचारलं. "आहे. तुझे मामा?" "माहीत नाही अजून." एवढंच.

पुढच्या मार्चमध्ये वसुधा तिच्याकडे आली. मंडळाच्या ज्येष्ठ नागरिकांचा महिन्याचा कार्यक्रम ती बघायची.

"शिफ्रा, एक काम आहे तुझ्याकडे. हे इस्रायल-पॅलेस्टाईनचं सगळं काय आहे, त्याचा इतिहास तू सांग ना आमच्या लोकांना. व्हॉट्सअ‍ॅपवर वाट्टेल ते फिरतंय. तू तिथे राहिलीयस."

"नको गं. कोण काय अर्थ काढेल."

"आपलीच तर माणसं आहेत!"

शिफ्राने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बोलले तर पूर्ण बोलेन. लोदचं घरसुद्धा सांगेन. अर्धं मला जमणार नाही."

"सांग की. कोण अडवतंय? शंतनू रेकॉर्ड करेल, आपल्या संग्रहासाठी. बाहेर कुठे जाणार नाही. शब्द देते तुला."

वसुधाचा शब्द होता. शिफ्राने पुन्हा विचारलं नाही.

कार्यक्रम लायब्ररीच्या हॉलमध्ये झाला. माणसं बरीच आली, निवृत्त डॉक्टर, इंजिनिअर, नातवंडं सांभाळायला पुण्या-नागपुराहून आलेले आईबाप. शंतनूने कॅमेरा लावला, माईक तिच्या साडीला अडकवला आणि कानाशी म्हणाला, "मावशी, यू विल बी ग्रेट." शिफ्रा उभी राहिली. सुरुवातीला आवाज कापत होता, मग सापडला.

"मी इतिहासाची बाई नाही," ती म्हणाली, "पण ज्या घरात राहिले त्या घराला इतिहास होता, म्हणून मला तो शिकावा लागला. पॅलेस्टाईन चारशे वर्षं तुर्कांचं होतं. राहणारे बहुतेक अरब, मुसलमान आणि ख्रिश्चन, आणि थोडे ज्यू. तिकडे रशियात, युरोपात ज्यूंची घरं जाळत होते. तेव्हा तिथल्या ज्यूंनी ठरवलं, आपल्या पूर्वजांच्या भूमीत जाऊ, आपला देश करू. मग पहिलं महायुद्ध आलं. इंग्रजांना तुर्कांविरुद्ध माणसं हवी होती. त्यांनी अरबांना पत्रं लिहिली, लढा, तुम्हाला राज्य देऊ. ज्यूंना जाहीर केलं, तिथे तुमचं राष्ट्रीय घर होऊ देऊ. आणि फ्रेंचांबरोबर बसून गुपचूप नकाशावर रेघा मारून घेतल्या. एकच पान वाढलेलं, आणि जेवायला तिघांना बोलावलं. इंग्रज काय करतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको."

हॉलमध्ये हशा झाला. शिफ्रा हसली नाही.

तिने पुढे सांगितलं. जहाजांमागून जहाजं येऊ लागली. अरबांना दिसायला लागलं की आपल्याच गावात आपण कमी होणार. छत्तीस साली त्यांनी बंड केलं, इंग्रजांनी ते चिरडलं. मग इंग्रजांनी उलट फिरून ज्यूंना दारं बंद केली, आणि तीही नेमकी हिटलर त्यांना वेचून वेचून मारणार होता तेव्हा. साठ लाख माणसं मेली. सत्तेचाळीस साली संयुक्त राष्ट्रांनी फाळणी सुचवली. ज्यूंनी मान्य केली. अरब म्हणाले, आम्ही दोन तृतीयांश, आणि निम्म्याहून कमी जमीन घेऊन गप्प का बसू? लढाई जुंपली. शेजारचे अरब देश उतरले. शेवटी इस्रायल उभं राहिलं, आणि सात लाखांवर पॅलेस्टिनी माणसं आपल्या घरांबाहेर फेकली गेली. त्यांना परत येऊ दिलं नाही. पुढच्या काही वर्षांत बगदादचे, येमेनचे, मोरोक्कोचे ज्यू आपली घरं टाकून इस्रायलात आले, कुणी भीतीने, कुणी हाकलले जाऊन.

"आणि आम्ही आलो कोकणातून," शिफ्रा म्हणाली. "आम्हाला कुणी हाकललं नव्हतं. वाक्रुळात दोन हजार वर्षांत कुणी आमच्या अंगाला बोट लावलं नाही. माझे वडील रूबेन परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. इस्रायलहून माणूस आला, प्रार्थनेनंतर बोलला, तुमची भूमी तुमची वाट बघतेय. वडील त्या दिवशी घरी आले ते रडतच. एकसष्ट साली आम्ही निघालो. मी चौदा वर्षांची."

लोदला, तिने सांगितलं, त्यांना दगडी घर मिळालं. जाड भिंती, कमानीच्या खिडक्या, आणि स्वयंपाकघराच्या दगडी ओट्यावर कुणाच्या तरी सुऱ्यांनी पडलेल्या खोल खुणा. आईला ते घर फार आवडलं. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागले. तिथे त्यांना काम शिकवायला होता यूसुफ नावाचा अरब फिटर. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघांच्याही हाताखालून इंग्रजांचीच इंजिनं गेलेली. पान्याचं नाव दोघे एकच घ्यायचे. डबा एकत्र खायला लागले. आणि एके दिवशी यूसुफने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की अठ्ठेचाळीसच्या जुलैत सैन्याने लोदचं सगळं गाव उन्हातून चालत बाहेर काढलं. म्हातारी माणसं, पोरं, वाटेत पाण्यावाचून किती मेली. त्याला ठेवून घेतलं, कारण रेल्वे चालवायला माणूस पाहिजे होता. त्याची आई आणि भाऊ गेले ते गेलेच. मग त्याने रूबेनला विचारलं, "तू राहतोस ते घर कमानीचं ना? विहिरीजवळचं?" आणि ज्याचं ते घर होतं त्या माणसाचं नाव सांगितलं.

"वडील त्या दिवशी घरी आले आणि उंबऱ्यावर बसले," शिफ्रा म्हणाली. "आत येईनात. आई म्हणाली, काय झालं? वडील म्हणाले, आपण कुणाच्या तरी घरात राहतोय गं. आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

मग तिने थोरल्या बहिणीचं सांगितलं. दुसऱ्याच वर्षी एस्तेरचं लग्न ठरलं, एका रुमानियन ज्यू मुलाशी. नोंदणीला गेले तर तिथल्या धर्मगुरूने कागद बाजूला सारले. वरून हुकूम निघाला होता, या हिंदुस्थानातल्या ज्यूंची आधी चौकशी करा, आई, आजी, पणजी खऱ्या ज्यू होत्या का त्याची खात्री करा. रूबेनने विचारलं, "वाक्रुळच्या पणजीचा पुरावा मी कुठून आणू?" धर्मगुरू म्हणाला, तो तुमचा प्रश्न. मुलाच्या आईने लग्न मोडलं. पुढे बेने इस्रायल लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेमला धरणं धरून बसले, आणि चौसष्ट साली सरकारला जाहीर करावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत. तोवर त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं होतं. एस्तेर राहिली ती राहिलीच.

मग ती सदुसष्ट सालावर आली. "मे महिना होता. मी नर्सिंगला होते. अरब देशांच्या रेडिओवर रोज ऐकायचो, तुम्हाला समुद्रात लोटू. तेल अवीवच्या बागांमध्ये कबरींसाठी जागा आखून ठेवल्या होत्या. मी वीस वर्षांची होते हो. मला वाटलं, सगळ्या जगात आपल्याला ही एकच जागा होती, आणि ती आता जाणार." ती थांबली. पाण्याचा घोट घेतला. "आणि त्याच क्षणी मला कळलं, अठ्ठेचाळीसमध्ये त्या विहिरीजवळच्या घरातल्या बाईला काय वाटलं असेल. तिची जागा गेलीच होती. आमची राहिली. लढाई सहा दिवसांत संपली, आणि आणखी लाखो माणसं आमच्या अमलाखाली आली. ती अजून तशीच आहेत."

मग कुणीतरी विचारलं, "पण चूक कुणाची, ते सांगा ना." शिफ्रा म्हणाली, "माझे वडील मरेपर्यंत म्हणत होते, आपल्याला फसवलं, आणि आपल्याला हाताशी धरून दुसऱ्या कुणालातरी फसवलं. मला एवढंच माहीत आहे." बायका येऊन तिला बिलगल्या. वसुधाच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय बोललीस गं," ती म्हणाली.

ही झाली मार्चची गोष्ट. पुढच्या जानेवारीत, एका शनिवारी, शिफ्रा सिनेगॉगमधून बाहेर पडत असताना एका अनोळखी बाईने तिला मिठी मारली. "तुम्ही किती धीट आहात," ती इंग्रजीत म्हणाली, "सगळ्यांनी ऐकायला पाहिजे हे." शिफ्राला काही कळेना. बाईने फोन पुढे केला.

पडद्यावर शिफ्राच होती, लायब्ररीच्या हॉलमधली, खाली इंग्रजी अक्षरं. वडील रडत घरी आले. भूमी वाट बघतेय. समुद्रात लोटू. कबरींसाठी जागा. "सगळ्या जगात आपल्याला ही एकच जागा होती, आणि ती आता जाणार." तिथे ती पाण्याचा ग्लास उचलते, आणि चित्र संपतं. मग शंतनूचा हसरा फोटो. तो गावच्या बोर्डाच्या निवडणुकीला उभा होता. खाली लिहिलं होतं, ही माझी मावशी शिफ्रा, मी तिच्यासोबत उभा आहे, तुम्ही?

घर नव्हतं. यूसुफ नव्हता. एस्तेर नव्हती. इंग्रजसुद्धा नव्हते.

शिफ्रा तशीच गाडी काढून वसुधाकडे गेली. शनिवारी ती एरवी सिनेगॉगशिवाय कुठे जात नसे. वसुधाने दार उघडलं आणि तिचा चेहरा बघूनच ओळखलं.

"ये ना आत. मी तुला सांगणारच होते."

"कधी? निवडणूक झाल्यावर?"

"अगं, शंतनूच्या टीमने केलंय ते. त्यांना एखाद मिनिटाचंच हवं होतं."

"मंडळाच्या संग्रहातली टेप कुणी दिली त्यांना?"

वसुधा सोफ्यावर बसली. "मी दिली. मुलगा आहे माझा. या गावात त्याला कोण ओळखतं? त्याने मागितली, मी दिली. आणि त्यात खोटं काय आहे? शब्द तुझेच आहेत ना?"

"पुढचं वाक्य कुठे गेलं माझं?"

"ते लोकांना कळलं नसतं. गोंधळ झाला असता. शंतनू म्हणाला, घराचं सांगितलं तर दोन्हीकडचे चिडतील." वसुधाचा आवाज जरा चढला. "आणि तू एवढी रागावतेस का, तेच मला समजत नाही. शेवटी तुझ्याच लोकांची बाजू घेतली ना आम्ही!"

शिफ्रा उभीच होती. तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"कुणाच्या लोकांची?"

"तुझ्या. म्हणजे... तुमच्या."

"पंचेचाळीस वर्षं झाली वसुधा," शिफ्रा हळूच म्हणाली. "मला वाटत होतं तुम्हीच माझे लोक."

वसुधा काहीतरी बोलत राहिली, तसं नव्हतं गं म्हणायचं मला, बस तरी, चहा टाकते. शिफ्राला तिचे ओठ हलताना दिसत होते. तिच्या डोळ्यांपुढे तो धर्मगुरू आला, कागद बाजूला सारणारा. त्याने निदान तोंडावर सांगितलं होतं.

दारातून बाहेर पडताना तिने शंतनूला फोन लावला. त्याने लगेच उचलला. "मावशी! हाय! सी, आय नो आईने सांगितलं असेल. इट्स जस्ट अ क्लिप. लोक किती रिस्पॉण्ड करतायत बघ ना. यू आर अ स्टार."

"काढून टाक ते."

"मावशी, आता काढलं तर इट लुक्स बॅड. ट्रस्ट मी."

"मग पूर्ण टाक. सगळं भाषण टाक."

"येस. येस, दॅट वी कॅन डू. आय प्रॉमिस."

याच मुलाला तिने पहिलं बोलायला शिकवलं होतं. प्रॉमिस हा शब्द त्याच्या तोंडून किती सहज निघाला, हेच ती गाडीत बसून आठवत राहिली.

नादियाला तिने तीन-चार वेळा फोन केला. शेवटी मेसेज आला, "पाहिलं. आत्ता बोलायला नको." चार दिवसांनी नादिया स्वतःच हॉस्पिटलजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटायला आली. कोट काढला नाही. "तू मला विहिरीजवळच्या घराचं सांगितलं होतंस," ती म्हणाली, "माझ्या बाबांच्या मयताला. म्हणून मी तुला आमच्या घरात घेतलं. मला माहीत आहे तू ते त्या दिवशीही बोलली असशील."

"बोलले होते. कापलं त्यांनी."

"माझा विश्वास आहे. पण माझ्या भावाने, समीरने ते बघितलंय. आईने बघितलंय. आमच्या नात्यातली माणसं तिकडे मरतायत, शिफ्रा, आणि तू पोस्टरवर आहेस. मी घरोघर जाऊन सगळ्यांना सांगू का, की ही बाई तशी नाही?" ती उठली. शिफ्राने तिला थांबवलं नाही. थांबवून काय सांगणार होती?

पूर्ण भाषण काही आलं नाही. शंतनू म्हणाला मंडळाची परवानगी लागेल. मंडळाने कमिटीची मीटिंग घेतली. वसुधाने मेसेज पाठवला की मूळ रेकॉर्डिंग चुकून डिलीट झालंय, तिलाही फार वाईट वाटतंय. सिनेगॉगमध्ये लोक शिफ्राशी हस्तांदोलन करत राहिले. एकदा तिने एका गृहस्थाला उभ्या उभ्या उरलेली गोष्ट सांगायचा प्रयत्न केला, लोदची, घराची, एस्तेरची. त्याचं हसू हळूहळू मावळलं. "आत्ता अशा वेळी हे बोलायलाच हवं का?" तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याने दुसऱ्या बाकावर जागा घेतली.

एप्रिलात शंतनू निवडून आला. थोडक्यात का होईना, पण आला. मंडळाने त्याचा सत्कार केला. शिफ्राला आमंत्रण होतं, ती गेली नाही. तिने सभासदत्वही सोडलं. कुणी कारण विचारलं नाही, आणि तेही तिला लागलं.

मे महिन्यात हेमचंद्र एकटेच तिच्या घरी आले. हृदयाचे मोठे डॉक्टर, पण मुळात अबोल. खुर्चीच्या कडेवर बसले.

"शिफ्राताई, ती टेप डिलीट झालेली नाही. माझ्या कॉम्प्युटरवर आहे. वसुधाने कमिटीला सांगितलं की गेली म्हणून सांगा. मला झोप येत नाही."

"मीटिंगला तुम्ही होतात, भावजी?"

"होतो."

"मग तिथे का नाही बोललात?"

"मुलगा आहे," ते म्हणाले. खिशातून एक छोटा पेन ड्राइव्ह काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "हे तुम्ही ठेवा. फक्त माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

शिफ्राने तो पेन ड्राइव्ह उचलून परत त्यांच्या हातात दिला. "माझं मला पाठ आहे," ती म्हणाली. "कधी तोंड उघडून सांगावंसं वाटलं तर तुम्ही स्वतः लावून दाखवा लोकांना." ते तसेच उठले. तिने त्यांना गाडीपर्यंत पोचवलं, कारण पायरीवर हल्ली त्यांचा तोल जायचा. पुढे त्यांनी कुणाला काही दाखवलं नाही.

त्यानंतर शिफ्रा पुष्कळ दिवस घरातच असायची. एस्तेरला फोन करायची, पण एस्तेरला आता धड ऐकू येत नसे. मग जूनमध्ये एके दुपारी ती उठली, चांगली साडी नेसली आणि नादियाच्या आईकडे गेली. न विचारता, न कळवता. म्हातारी दिवसा घरात एकटी असते हे तिला माहीत होतं. उम्म समीर, म्हणजे समीरची आई, असंच तिला सगळे म्हणत. अठ्ठेचाळीस साली ती लहान पोर होती, जाफाहून बोटीतून बैरूतला आईच्या कडेवर गेलेली.

दार उघडल्यावर म्हातारीने तिला ओळखलं. चेहरा दगडासारखा झाला. पण दारात आलेल्या पाहुणीला परत पाठवणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. ती बाजूला झाली.

शिफ्रा बसली, आणि अरबीत बोलू लागली. यूसुफच्या बायकोकडून शिकलेली, लोदच्या गल्लीतली गंजलेली अरबी. शब्द सापडेनात तिथे हिब्रू यायचं, ते गिळून ती पुन्हा सुरू करायची. घर सांगितलं. ओट्यावरच्या सुऱ्यांच्या खुणा सांगितल्या. वडील उंबऱ्यावर बसले ते सांगितलं. सदुसष्टचं सांगितलं, आणि त्याच्यापुढचं वाक्यही. म्हाताऱ्या बाईने मध्येच दोनदा तिचं क्रियापद सुधारलं. संपल्यावर उठली, कॉफी करून आणली. वेलचीचा वास घरभर पसरला.

"तुझा बाप चांगला माणूस असेल," ती म्हणाली. "पण घर परत दिलं का कुणी?"

"नाही," शिफ्रा म्हणाली.

"पुढे तो कुठे राहिला?"

"तिथेच. मरेपर्यंत. दुसरं कुठे जायला पैसेही नव्हते आणि धीरही नव्हता."

म्हातारीने मान हलवली, कबूल असल्यासारखी नाही, आणि नाकारल्यासारखीही नाही. कॉफी संपेपर्यंत दोघी बसून होत्या. निघताना ती दारापर्यंत आली.

"पुन्हा येणार असलीस तर आधी फोन कर," ती म्हणाली. "आणि समीर घरी असताना येऊ नकोस. त्याला बघवणार नाही."

"बरं," शिफ्रा म्हणाली.

ती गाडीत येऊन बसली. बाहेर ऊन रणरणत होतं, समोरच्या लॉनवर पाण्याचे फवारे गोल गोल फिरत होते. तिने पर्समधून फोन काढला, आणि बोट आपसूक वसुधाच्या नावावर गेलं. असं काही झालं की तिलाच सांगायचं, ही पंचेचाळीस वर्षांची सवय. तिने नावाकडे क्षणभर बघितलं, फोन उलटा करून शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडी सुरू केली.